तिकडच्या शेणी

आमच्या परड्यात गोठ्याच्या मागं शेणींचा हुडवा असायचा. उन्हाळाभर थापून वाळवलेल्या शेणी गोल रचत वर न्यायच्या, बाहेरून शेणानंच लिंपायचं आणि मिरगाच्या आधी उसाच्या पाचटानं शाकारायचं. मग पाऊस कितीही कोसळो, आतल्या शेणी खडखडीत राहायच्या. आईनं रचलेला हुडवा कधी गळला नाही. गल्लीतल्या नव्या सुना तो बघायला यायच्या.

त्या हुडव्यात दोन तऱ्हेच्या शेणी असत. पुढच्या बाजूला चुलीच्या. त्यांत भुस्सा, पाचटाचा चुरा, काहीही मिसळलेलं चालायचं. मागच्या बाजूला मात्र निव्वळ शेणाच्या, जाड, परातीएवढ्या. त्यांना आई 'तिकडच्या' म्हणायची. तिकडं म्हणजे नदीकडं, गावाच्या मसणात. आमचा मुलूख उसाचा, इथं सरणाला लाकूड कुठून आणणार? कोल्हापुरात काय आणि आमच्या शिरोळ तालुक्यात काय, माणूस शेणींवरच जातो. चुलीच्या शेणी संपल्या तर आई शेजारून चार मागून आणायची, पण तिकडच्या शेणींना हात लावू द्यायची नाही.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांना आमच्याच दोन बैलांच्या शेणींवर ठेवलं. कुणाच्या दारात मागायला जावं लागलं नाही, याचं आईला मोठं समाधान होतं. दुःखापेक्षा ते समाधानच ती जास्त बोलून दाखवायची. आणि शेवटी म्हणायची, "मलाबी आपल्याच दावणीच्या घाला. मागून आणल्याल्या नगोत."

एवढीच तिची मागणी होती. दुसरं काही तिनं माझ्याकडं कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

आखातात लढाई लागली त्या वर्षी मी जयसिंगपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकता लागलो होतो. रेशनच्या दुकानापुढं रॉकेलच्या डब्यांची रांग लागे. माणसं घरी जायची, डबे रांगेत राहायचे. सायकलवरून जाताना मला नदीकाठची डिझेल इंजिनं दिसत, कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर दिसत, आणि एकाएकी लक्षात आलं की आमचा ऊस, आमचं पाणी, आमची भाकरी, सगळं कुठल्या तरी लांबच्या वाळवंटातल्या तेलावर टांगलेलं आहे. ते तेल एक दिवस संपणार. मी मुलांना फळ्यावर तेलाची विहीर काढून दाखवायचो आणि तिचा तळ पुन्हा पुन्हा गिरवत राहायचो. मुलं हसायची. माझी भीती खोटी नव्हती, आजही ती खोटी आहे असं मला वाटत नाही. पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं घर दिसत नाही, एवढं मला आता कळतं.

काही वर्षं मी लोकांच्या मागं लागलो. आमच्या गल्लीनं मिळून एक मोठा गोबरगॅस बांधायचा, प्रत्येक घरानं आपलं शेण घालायचं आणि घरोघरी नळीनं गॅस न्यायचा. रॉकेल बंद, चूल बंद. मारुतीच्या देवळात बैठका झाल्या. माझा धाकटा चुलतभाऊ, ज्यानं तेव्हा नवाच ट्रॅक्टर घेतला होता, प्रत्येक बैठकीत मागं बसून एकच विचारायचा की मास्तर, ह्या गॅसवर माझा ट्रॅक्टर चालंल का. आणि सगळे हसले की बिडी पेटवायचा.

पहिला होकार दिला तो आमच्या शेजारच्या अक्कानं. त्यांचं घर लिंगायत, घरात निम्मं बोलणं कन्नड. अक्का माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या गोठ्यात सगळ्यात जास्त जनावरं. ती भर बैठकीत उठून म्हणाली, "आमचं सगळं शेण घे, तम्मा. आमच्यात माणूस बसवून पुरत्यात. आमाला शेणी जपून काय करायचं हाय?"

देवळात हशा पिकला. मीही हसलो. पण तिनं त्या एका वाक्यात काय सांगितलं होतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी शेणाचा हिशेब मांडला तो अक्काच्या घरावरून. एका घराचं सगळं शेण मिळू शकतं तर सगळ्या घरांचं सगळं मिळेल. अक्काच्या लोकांना तिकडच्या शेणी लागत नाहीत आणि आम्हाला लागतात, हा फरक माझ्या गणितात कुठंच नव्हता. स्वयंपाक, सारवण, उसाचं खत, सगळं मी धरलं होतं. मेलेली माणसं धरली नव्हती.

गोबरगॅस झाला. देवळामागच्या मोकळ्या जागेत खोल विहीर खणून ती बांधून काढली, तिच्यावर लोखंडी टाकी पालथी घातली. आत गॅस धरला की टाकी वर उचलली जायची, आणि सांजसकाळ बायका स्वयंपाकाला लागल्या की हळूहळू खाली बसायची. गल्लीच्या तोंडाला मी स्वतः रंगवून पाटी लावली: या गल्लीत रॉकेल जळत नाही.

त्याच सुमारास होळी आली. होळीत शेणी जाळण्यापेक्षा त्या कोल्हापूरच्या स्मशानाला द्या, असं सांगत एक टेम्पो गावोगाव फिरत होता. मला वाटलं, आपल्या गल्लीला आता शेणींची गरज उरली नाही हे दाखवायची हीच वेळ आहे. सगळ्यांच्या आधी मी आमचा हुडवा उघडला. चुलीच्या शेणी टेम्पोत चढल्या. मागची बाजू आली तेव्हा आई सोप्यातून बाहेर आली. शेणी भरणाऱ्या माणसांसाठी तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"तिकडच्याबी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आपणच मागं ठेवल्या तर बाकीचे काय देतील, पुढल्या उन्हाळ्यात तुझ्या वेगळ्या थापू. ती बरं म्हणाली, त्या माणसांना पाणी दिलं आणि आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग बाकीच्यांचे हुडवेही उघडले.

पुढल्या उन्हाळ्यात थापता आल्या नाहीत. टाकीची भूक माझ्या हिशेबापेक्षा मोठी निघाली. एखाद्या घरानं एक दिवस शेण मागं ठेवलं की संध्याकाळी कुणाची तरी भाकरी अर्धवट राहायची, आणि ती बाई तवा घेऊन माझ्याच दारात यायची. आमच्या दारात शेणी वाळताना दिसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत दिसल्या असत्या. म्हणून मी आमची बादली आधी नेऊन ओतायचो. उन्हाळा सरत आला की आई विचारायची, "औंदा?" मी म्हणायचो, औंदा न्हाय जमलं, पुढल्या. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलेलं नाही, पण शेवटी शेवटी ती विचारायची थांबली.

ती वर्षं वाईट होती असं मात्र मी म्हणणार नाही. आईचा खोकला पहिल्याच वर्षी गेला. चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे, ते निवळले. निळ्या ज्योतीपुढं बसून ती भाकरी थापायची तेव्हा तिचा चेहरा मला पहिल्यांदा नीट दिसला असं वाटायचं. माझी बायको लग्न होऊन आली ती गॅसच्या घरात, तिला फुंकणी माहीतच झाली नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की माझ्या लेकानं गल्लीतला धूर काढला. ते ऐकून मी फुगायचो, आणि परड्यातल्या हुडव्याच्या मोकळ्या गोल जागेकडं बघायचं टाळायचो.

मग जनावरं कमी होत गेली. बैल ट्रॅक्टरनं घालवले, म्हशी वैरणीच्या महागाईनं. ज्यांची पोरं इचलकरंजीकडं कापडाच्या मागावर जायला लागली त्यांच्या गोठ्यात मोटारसायकली उभ्या राहिल्या. आमच्याकडं एकच म्हैस राहिली. टाकी जेमतेम वीतभर उचलायची. चुलतभाऊ एकदा टाकीवर हात टेकून मला म्हणाला, "मास्तर, तेल संपायच्या आधी म्हसरंच संपली की."

तो चिडवत होता, पण खोटं बोलत नव्हता. मी रिकामी बादली घेऊन घरी आलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात महापूर आला. नदी पिकातून, मग गल्लीतून, मग सोप्यातून आली. आम्ही आईला आणि म्हशीला घेऊन जयसिंगपूरला एका शाळेत जाऊन राहिलो. ज्या वर्गात मी तेलाच्या विहिरीचा तळ काढायचो, तशाच एका वर्गात आई फरशीवर पोत्यावर झोपली. तिथं तिच्या छातीत गारठा भरला. पाणी उतरल्यावर घरी आलो तेव्हा ओलीनं भिंती फुगल्या होत्या आणि तिला उठून बसता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच सेवा करा.

तिथल्या तिथं, दवाखान्याच्या पायरीवर, माझ्या मनात पहिला विचार आला तो शेणींचा. आई अजून जिवंत होती आणि मी तिला जाळायचं कशावर, हे मोजत होतो. पाऊस थांबत नव्हता. गावात एक शेणी कोरडी दिसत नव्हती. ज्या गल्ल्यांत अजून हुडवे होते ते पुरात वाहून गेले होते. जयसिंगपूरच्या वखारीतलं लाकूड पाण्यात बसलं होतं.

मी सायकल काढली आणि पूर न आलेल्या गावांना निघालो. कबनूरला बायकोचे मामा राहत, आधी त्यांच्याकडं गेलो. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला ओरडून सांगावं लागलं की शेणी पाहिजेत. मामींनी हात हलवून घरातलं सिलिंडर दाखवलं. आता कोण थापतंय, असा त्याचा अर्थ होता. मग मी माळाकडच्या वस्त्यांवर फिरलो. तिथं हुडवे होते, कोरडे, शाकारलेले. पण प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच यायचा, कोण गेलं? आणि मला सांगावं लागायचं की अजून कुणी गेलं नाही. बायका पदर तोंडाला लावून आत जायच्या. जिवंत माणसासाठी तिकडच्या शेणी देणं म्हणजे त्याला ढकलण्यासारखं, असं आमच्याकडं मानतात. मलाही ते ठाऊक होतं. एका वस्तीवरचा म्हातारा बाजल्यावरून न उठता म्हणाला, "पावणं, आदी म्हातारीला जाऊ तर द्या की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी सायकल वळवली. परतताना पावसात मला रडू आलं, आणि खरं सांगतो, ते आईसाठी नव्हतं. मला गल्लीची लाज वाटत होती. आई गेल्यावर तिला जाळायला मास्तराच्या घरात शेणी नव्हत्या, असं लोक म्हणतील याची.

घरी आलो तो म्हशीच्या गोठ्यात गेलो. त्या दिवसाचं शेण टाकीकडं नेलं नाही. परातीत घेतलं आणि आई थापायची तसं थापायला बसलो. मला ते कधीच येत नव्हतं. बायकोनं येऊन माझ्या हातातलं शेण काढून घेतलं आणि ती थापू लागली. तिनंही जन्मात पहिल्यांदाच थापलं असेल. पातळच केल्या, लवकर वाळाव्यात म्हणून. पण उन्हाचा पत्ता नाही. मग मी गॅसच्या शेगडीवर तवा ठेवला आणि तव्यावर शेणी ठेवली. पुरानंतर टाकीतला गाळ काढून आम्ही ती कशीबशी चालू केली होती. जो गॅस काढण्यासाठी मी आईच्या शेणी मोडल्या, त्याच गॅसवर मी तिच्या शेणी भाजत बसलो. भाकरीसारख्या उलटत होतो. एक शेणी वाळायला इतका गॅस लागायचा की शेजारच्या घरात भाकरी कच्ची राहायची, पण त्या दिवसांत माझ्या दारात तवा घेऊन कुणी आलं नाही. सगळ्यांना वास येत होता.

आईची खाट मधल्या घरात होती. मला वाटायचं तिला ग्लानी आहे, काही कळत नाही. एकदा दुपारी तिनं डोळे उघडून वास घेतला आणि विचारलं, "शेणी कुणाच्या?"

मी म्हटलं, चुलीसाठी भाजतोय, सगळं ओलं झालंय.

"आपल्या म्हशीच्या न्हवं?"

"व्हय."

तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "मग लौकर वाळीव, लेकरा. माझ्यानं लई थांबवंना."

मी स्वयंपाकघरात परत गेलो आणि तव्यावरची शेणी उलटली. त्यानंतर कधी डोळे उघडले की तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं जायची, चूल पेटली का बघावं तशी. आणि मी, तिच्याजवळ बसायचं सोडून, तव्याजवळ बसायचो. तिचा हात धरून बसलो असतो तर बरं झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी उठवत नव्हतं. वाटायचं, उरलेलं पुरं केलं तर हातात काहीतरी राहील.

गौरी-गणपती तोंडावर असताना एका सकाळी ती गेली. म्हशीच्या शेणींचा ढीग माझ्या गुडघ्याएवढाही झाला नव्हता.

माणसं जमली. चुलतभाऊ पहिल्यांदाच चिडवल्याशिवाय बोलला. कोल्हापूरला न्यायचं का, तिथं शेणी असत्यात, असं त्यानं हळू आवाजात विचारलं. रस्ता अजून खचलेला होता, आणि आईला आमच्याच नदीवर जायचं होतं. पण मी नाही म्हणालो ते वेगळ्याच कारणानं. तिच्या शेणी मी एकदा कोल्हापूरला पाठवल्या होत्या. आता तिलाही तिकडं पाठवायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

तेवढ्यात अक्का डोक्यावर पाटी घेऊन आली. मागं तिची सून, तिच्याही डोक्यावर पाटी. त्यांनी माळ्यावर ठेवलेल्या शेणी होत्या, लेकीच्या बाळंतपणात शेकायला जपलेल्या. घर उंचावर, म्हणून माळ्यापर्यंत पाणी गेलं नव्हतं. अक्कानं पाटी माझ्यापुढं ठेवली. "आमच्या दावणीच्या हायत, तम्मा," ती म्हणाली, जणू माफी मागावी तसं. "तुझी अव्वा रागावंल. पर घे."

अक्काच्या लोकांना मसणातल्या शेणी कधी लागत नाहीत. तिनं दिलेलं आणि बाकीच्या घरांतून चुलीच्या कोपऱ्यातलं निघालं ते, सगळं मिळून सरण झालं. आमच्या म्हशीच्या शेणी मी आईच्या डोक्याखाली आणि छातीखाली ठेवल्या. तेवढ्यापुरत्याच त्या होत्या.

पाऊस भुरभुरत होता. काडी लावली, धूर झाला, पेट घेईना. पावसानं सादळलेल्या अक्काच्या शेणी कडेनं धुमसायच्या आणि विझायच्या. आमच्या तर तव्यावर वरून करपलेल्या आणि आत ओल्या राहिलेल्या होत्या. मी पुन्हा पुन्हा काडी लावत होतो. पाठीमागची माणसं एकमेकांकडं बघत असलेली मला न वळता कळत होती. असंच ठेवून जाता येत नाही. शेवटी चुलतभाऊ कुणाला न विचारता गावाकडं गेला आणि डबा घेऊन आला. पूरग्रस्तांना सरकारनं वाटलेलं रॉकेल होतं. तसाच आमच्या घरच्या वाट्याचा डबाही आला होता. मी तो घेऊन सोप्याच्या कोपऱ्यात ठेवला होता आणि त्याच्यावर पोतं टाकलं होतं, पाटी लावलेल्या गल्लीत तो दिसू नये म्हणून.

त्यानं झाकण काढलं आणि डबा माझ्याकडं धरला. "तूच घाल," तो म्हणाला. "ल्योक हायस."

मी ओतलं. आई पायांकडून पेटली. शेणीचा विस्तव कसा असतो ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, शांत, आतल्या आत चालणारा, वास उदासारखा. हा तसा नव्हता. पिवळा, उंच, काळ्या धुराचा. रॉकेलच्या वासानं माझ्या बायकोचा मोठा भाऊ लांब जाऊन उभा राहिला. माझ्या हातांना तो वास आंघोळीनंतरही राहिला.

नदीवरून परतलो तेव्हा सांज झाली होती. मयत उचलेपर्यंत गल्लीत कुणी विस्तव पेटवला नव्हता, आणि नंतरही बायकांना स्वयंपाकाला उठायचा धीर झाला नव्हता. देवळामागं काहीतरी बुडबुडत होतं म्हणून मी तिकडं गेलो. दिवसभर गॅस न वापरल्यामुळं टाकी कित्येक वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वर आली होती आणि कडेच्या शेणाच्या पातळ काल्यातून जादा गॅस बुडबुडत बाहेर पडत होता. सगळ्या गल्लीचं शेण, आमच्या म्हशीचंही, त्या विहिरीत होतं. मी वास घेत तिथं उभा राहिलो. अक्काच्या घरातून सुनेनं हाक मारून विचारलं की मास्तर, गॅस सोडू का, पोरं उपाशी हायत.

मी सोड म्हणालो. टाकी हळूहळू खाली बसायला लागली.